मदत हवी आहे: कॅलिब्रेशनची एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी) मेजर (गंभीर) धरू की मायनर (किरकोळ)?

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका मशीन शॉपचं आयएसओ ९००१:२०१५ चं (क्वालिटी मॅनेजमेंटच्या स्टँडर्डचं) इंटर्नल ऑडिट केलं. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या मायक्रोमीटरची कॅलिब्रेशनची (अचूकता पडताळणीची) तारीख उलटून गेलेली, आणि त्यानेच मोजलेला शाफ्टचा लॉट ग्राहकाकडे रवानाही झालाय. क्लॉज ७.१.५.२ (मोजमापाची साधनं कॅलिब्रेट केलेली असण्याबद्दलचा) खाली एनसी लिहिली. क्वालिटी हेड म्हणतात, एकच गेज आहे, मायनर करा. मला पटत नाही. मागच्या ऑडिटला व्हर्नियर या दुसऱ्या गेजवर हीच एनसी होती, आणि आयएसओ १७०२१-१ (सर्टिफिकेशन संस्थांसाठीचं स्टँडर्ड) नुसार एकाच रिक्वायरमेंटच्या बऱ्याच मायनर मिळून मेजर ठरू शकतात. पण दोनवरून सिस्टिमच कोलमडली म्हणता येईल का? आणि मायक्रोमीटर तपासणीत अचूक निघाला, तर ग्रेड खाली आणायचा का? सर्टिफिकेशन ऑडिट करणाऱ्यांनी कृपया सांगा, रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय.