लिफ्ट केलेली पिकअप आदळतेय? शॉकअपच्या दुकानात पळू नका

कडकभाकरी:
परवा इथंच एका भावानं विचारलं होतं. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप दोन इंच उचलली, मागं स्प्रिंगचा जादा पाटा टाकला, दहा प्लायचे जाड टायर चढवले आणि आता गाडी आदळते. त्यावर सिंहगडरोड यांचं उत्तर: “गॅसचे भारी शॉकअप टाका, विषय संपला. तेवढी ऐपत नसेल तर पिकअप उचलायचीच कशाला?” ते ‘ऐपत’ वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढलाय.

अहो, मी ऐपत दाखवून बसलोय. भारी शॉकअप टाकले, होटगी रोडला निघालो, पहिल्याच गतिरोधकाला डोकं टपाला. पैसे गेले, दणका तिथंच.

शेवटी अक्कलकोट रोडच्या एका जुन्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. विचारलं, “हवा किती?” मला माहीत नव्हतं. गेज लावला तर चारी चाकांत ५५ पीएसआय! जाड टायर बघून टायरवाल्यानं ठासून भरलेली. दहा प्लायच्या टायरवर ८० पीएसआय लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा आहे, पूर्ण वजन घातल्यावरची. आपण रिकामा हौदा घेऊन फिरतो. पुढं ३६, मागं ३२ केलं. निम्मे दणके तिथंच गेले, खर्च शून्य.

मग ते खाली शिरले. लिफ्ट बसवणाऱ्यानं चाकं हवेत लटकलेली असतानाच सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट आवळले होते. गाडी खाली उतरली की रबर पीळ खाऊन बसतं, हलायलाच तयार नसतं. बोल्ट ढिले केले, गाडी चाकावर उभी केली, दोन हिसके दिले आणि परत आवळले. शेवटी तो जादा पाटा काढला आणि त्याच्या जागी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घातला. उंची तेवढीच, कडकपणा गेला. आता बोला.

सिंहगडरोड:
एका गाडीच्या अनुभवावर सिद्धांत मांडू नये. गाडी दोन इंच वर गेली आणि शॉकअप जुन्याच लांबीचे राहिले, तर चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ‘टक्’ करून अडकतो. तो आवाज हवा कमी करून जात नाही. आणि एक्सलवर ठोकळा घालणं म्हणजे जुगाड. जोरात ब्रेक मारला की एक्सल पीळ खातो.

कडकभाकरी:
टक्-चं बरोबर आहे. मानलं. पण तुम्ही ‘लांब’ कुठं म्हणाला होता? ‘भारी’ म्हणाला होता. भारी आणि लांब यातला फरक पुण्यात शिकवत नसतील.

निवृत्त_फोरमन:
दोघंही थोडं थोडं बरोबर. ठोकळा चालतो, पण एकच अखंड हवा, एकावर एक रचायचे नाहीत, आणि यू-बोल्ट नवे लांब घ्यायचे. मागचा शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी, बघितला का कुणी? पाट्याला कमान जास्त आली की शॅकल सरळ उभा राहतो. दणका बसल्यावर पाट्याला लांब व्हायला जागा लागते, ती शॅकल झुलला तरच मिळते. तो झुललाच नाही तर सगळा मार चासीवर. आणि हवा सकाळी थंड टायरला बघा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी गेज लावून कमी कराल तर पहाटे बसलेला टायर मिळेल. दर १० अंशाला दीड-दोन पीएसआय फरक पडतो.

डाळिंबवाला_सांगोला:
काय बे तुमचं! पिकअप वजनासाठी असते. माझी बोलेरो पिकअप रिकामी असली की बैलगाडी, डाळिंबाचे ४० क्रेट टाकले की पाळणा. पन्नास-पन्नास किलोची चार वाळूची पोती हौद्यात टाका, गप बसेल. उंच करून आसरा चौकात मिरवायचं आणि मग मणके गेले म्हणून रडायचं.

कडकभाकरी:
होय की, आणि डिझेल तुम्ही टाकणार. पोती हौद्याच्या पार मागं टाकली तर पुढचं हलकं होऊन स्टेअरिंग पोहतं, तेही सांगा. एक्सलच्या वर ठेवली तर मात्र फरक पडतो, एवढं कबूल.

कलमबहाद्दर:
चर्चा छान चाललीय, पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ कुणी वाचलंय का? कंपनीनं दिलेल्या रचनेत बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. १८२अ खाली एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आदळतेय ना? परत मूळ उंचीवर आणा. हाच उपाय.

शेळगीकर:
वा साहेब! माझ्या दोन इंचाला कलम. आणि एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबतोय, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, त्याला कुठलं कलम लावता? मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर रात्री माझा मावसभाऊ असल्याच ट्रॉलीत घुसला. पायात रॉड आहे अजून. लोक गाड्या उंच का करालेत? त्याच ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्यांमुळं!

मोहोळचा_ऊस:
आला, शेतकऱ्यावर घसरला. तोड वेळेवर येत नाही, फडात ऊस वाळून वजन घटतं, ते तुमचा मावसभाऊ भरून देतो का? तोडणी टोळीला वरून खुशालीचे पैसे द्या, ड्रायव्हरला एन्ट्रीचे द्या, आणि आता रिफ्लेक्टरही आम्हीच लावा. ट्रॉली माझी नाही, वाहतूकदाराची आहे. चहात साखर घालताना बरं कलम आठवत नाही!

शेळगीकर:
मी चहात गूळ घालतो.

मोहोळचा_ऊस:
गूळ काय शेंगाचटणीपासून होतो का बे?

डाळिंबवाला_सांगोला:
खुशालीचं मात्र खरं बोलला. द्राक्ष, डाळिंबाला निदान तोड आपल्या हातात असते. ऊसवाल्यांनी सगळं पाणी ओढलं हा विषय वेगळा.

मोहोळचा_ऊस:
आता पाण्यावर आला. उजनी काय तुझ्या सासऱ्याची?

शेळगीकर:
पाण्याचं शहरवाल्यांना सांगू नका. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआड येतो. आणि एवढं बोलून रिफ्लेक्टरचं उत्तर कुणी दिलंच नाही. एका ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवायला किती लागतं?

मोहोळचा_ऊस:
पट्टी लावायला पाहिजे. लावा म्हणून ड्रायव्हरला मी स्वतः सांगितलंय. बास? आता मावसभावाला म्हणावं, रात्री जरा हळू जा.

निवृत्त_फोरमन:
मूळ गाडीवाल्याचं काय झालं? का तोही उजनीत बुडाला?

व्हीक्रॉस_एमएच१३:
मीच तो. बघत होतो कधी संपतंय. हवा बघितली, माझी ६०! टायरवाल्याला विचारलं तर म्हणतो, “पिकअप आहे ना मालक?” ३४ वर आणली. बुश ढिले करून आवळले. शॅकल खरंच खांबासारखा उभा होता, तेव्हा जादा पाटा काढला. पुढचं टक् अजून आहे, म्हणजे सिंहगडरोड साहेबांचे लांब शॉकअप घ्यावेच लागणार, दिवाळीनंतर. कलमबहाद्दर साहेब, पावती तुमच्या नावावर फाडा.

आई गेले तीन महिने अक्कलकोटला एसटीनं जात होती, माझ्या गाडीत बसणार नाही म्हणून. काल कसंबसं तयार केलं. वळसंगपर्यंत एक शब्द बोलली नाही, मला वाटलं जमलं. मग म्हणाली, “आदळत नाही रे आता. पण उतरायला स्टूल आणलायस का?”