सहावीच्या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही, तातडीने मदत हवी

खडूफळा
नमस्कार. मी मुंबईत शिकवते, यंदा माझ्याकडे सहावीचं इंग्रजी आलंय. माझे मूळ विषय मराठी आणि इतिहास. मुलं पुस्तकातला पाठ धडाधड वाचतात, पण त्यातलंच वाक्य शब्द मागेपुढे करून फळ्यावर लिहिलं की सगळा वर्ग गप्प. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे. नेमकी पद्धत सांगा. ‘आनंददायी वातावरण ठेवा’ हे प्रशिक्षणात ऐकून झालंय.

मुलुंडकर
माध्यम कुठलं? पट किती? नुसतं मुंबई म्हणून कळत नाही, एकट्या महापालिकेच्याच शाळा आठ भाषांत चालतात.

खडूफळा
मराठी माध्यमच. खासगी अनुदानित, भांडुपला. पट ४८. पुस्तक बालभारतीचं.

अक्षरवेल
आधी आवाज शिकवा. मुलांना एबीसीडी पाठ असते म्हणजे अक्षरांची नावं पाठ असतात. आपल्या ‘क’चं नाव आणि उच्चार एकच, म्हणून इंग्रजीत ते वेगळे असतात हे मुलांना कुणी सांगतच नाही. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठे आहे? ‘डब्ल्यू’त ‘व’ ऐकू येतो का? एस, ए, टी, पी, आय, एन एवढीच सहा अक्षरं घ्या. त्यांतून सॅट, पिन, टिन, पॅन, टॅप, नॅप असे शब्द मुलं स्वतः जुळवतात. ते जमलं की पुढची अक्षरं.

जुने मास्तर
हे फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायचं, खूळ अलीकडचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधीच्या आमच्या पिढ्या पाचवीत एबीसीडी गिरवून इंग्रजी शिकल्या. खरी अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून पोरं ‘आय मँगो ईट’ लिहितात. रोज दहा वाक्यांचं भाषांतर करून घ्या, काळ पक्के करा.

अक्षरवेल
मास्तर, त्यांची मुलं वाक्य लिहायच्या आधी, शब्द वाचतानाच अडतायत. जो शब्द वाचता येत नाही त्याचं भाषांतर कसं करणार?

चिऊची आई
अवांतर: मुलगी सीनियर केजीत आहे. पुढे मराठी माध्यमात सेमी घ्यावं का? गणित-विज्ञान इंग्रजीतून झेपतं का?

मुलुंडकर
@चिऊची आई, झेपतं. माझा मुलगा सेमीतून शिकला. विज्ञानाच्या संज्ञा सुरुवातीला जड जातात, पण घरी मराठीतून समजावलं की…

खडूफळा
कृपया सेमीसाठी वेगळा धागा काढा. मला सोमवारी वर्गावर जायचंय.

गोदातीर
डिस्लेक्सिया तपासलंत का? सायन, नायर, केईएम या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते.

अक्षरवेल
अख्खा वर्ग अडतोय तेव्हा आधी शिकवण्याकडे बघायला हवं. सहा महिने नीट शिकवूनही एखादं मूल तिथेच राहिलं, तर त्याच्या पालकांशी बोलून तपासणी जरूर करावी.

पाटीवाचक
ताई, दोन गोष्टी सांगा. मुलांना मराठी वाचता येतं का? आणि त्यांच्या इंग्रजीच्या पुस्तकात शब्दांवर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेत का?

खडूफळा
आज न शिकवलेला मराठी उतारा वाचून घेतला. बहुतेकांना येतो. सात जण जोडाक्षरांवर अडतात, त्यातले काही यंदाच गावाहून आलेत. उच्चार तर सगळेच लिहितात, शिकवणीतही लिहून देतात. त्यात विशेष काय?

पाटीवाचक
सगळं उत्तर त्यातच आहे. पुस्तक हातात असताना मुलं वरची देवनागरी वाचतात, खालच्या रोमन अक्षरांकडे त्यांची नजरच जात नाही. फळ्यावर देवनागरी नसते, म्हणून गप्प होतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट उतरवता येतं. एका पाठाची कोरी पानं छापा आणि तीच वापरा.

जुने मास्तर
आम्हीही उच्चार लिहायचो. काही बिघडलं नाही.

पाटीवाचक
तुमच्या वेळी मास्तर ते पुसायला लावत असतील. इथे सहावीपर्यंत कुणी पुसलेलं नाही.

आणखी एक. भांडुपची पोरं लोकलच्या पाट्या रोज बघतात, आणि त्यावर दोन्ही लिपी असतात. कुर्ला, दादर, मुलुंड, नाहूर, विक्रोळी ही नावं रोमनमध्ये कार्डांवर लिहा आणि देवनागरी कार्डांशी जुळवायला द्या. नाव आधीच माहीत असतं, त्यामुळे मूल अक्षर आणि आवाज यांचा मेळ स्वतः घालतं.

अक्षरवेल
कल्पना आवडली. पण फक्त व्यंजनांसाठी. ‘दादर’मध्ये ए दोनदा येतो, एकदा ‘आ’, एकदा ‘अ’. ठाण्याच्या रोमन स्पेलिंगमधला शेवटचा ई उच्चारतात, ‘केक’ आणि ‘नेम’मधला मात्र मूक असतो. सायन, भायखळा, वांद्रे तर नकोतच. स्वर पिन-पॅनवाल्या छोट्या शब्दांतूनच शिकवा. ज्या सात जणांची जोडाक्षरं कच्ची आहेत त्यांचं मराठी वाचन रोज पंधरा मिनिटं वेगळं घ्या. स्वतःच्या लिपीत आवाज जोडता आले की रोमनमध्येही हात चालतो.

मुलुंडकर
चाचणीचा पेपर तुम्हीच काढता की तयार येतो?

खडूफळा
मीच काढते.

मुलुंडकर
मग घाई कसली? पाठावरचे प्रश्न कमी करा. निम्मे गुण तोंडी ठेवा: शिकवलेल्या सहा अक्षरांतून जुळवलेले, पुस्तकात नसलेले शब्द वाचायचे. पाठांतराने ते जमणार नाही, कोण कुठे आहे ते लगेच कळेल.

खडूफळा
हे पटलं. पाठाच्या कोऱ्या पानांच्या प्रती काढायला दिल्या, सोमवारी सहा अक्षरांपासून सुरुवात. पुढे सी आला की मुलं विचारणारच, ‘कॅट’मध्ये क आणि ‘सिटी’त स का? तेव्हाच नियम सांगू की थांबू?

अक्षरवेल
आधी नुसता ‘क’ पक्का होऊ द्या. ‘सिटी’ समोर आलाच तर एका वाक्यात सांगा: सीच्या पुढे ई, आय किंवा वाय असेल तर स, एरवी बहुतेक वेळा क. वहीत नियम उतरवून देऊ नका, शब्द वाचून घ्या.