धडधडीसाठी घड्याळ घेताना
वडिलांना अधूनमधून धडधडतं, तर ईसीजीवालं घड्याळ घ्यावं का, असं एकाने विचारलंय. घ्या, पण ते ३० सेकंदांची, एकाच लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारी नोंद घेतं. एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचे) अनियमित ठोके त्यात सापडू शकतात, हार्ट अटॅक नाही. छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसूच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

नोंद घेताना दुसऱ्या हाताचं बोट बटणावर टेकवून धरावं लागतं. हात थरथरला की रेघ नुसती खरखरीत येते. म्हणून दोन्ही हात टेबलावर टेकवायला सांगा, बोट कोरडं असेल तर किंचित ओलसर करा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, रुतणार नाही इतपत घट्ट.

धडधड आठवड्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर २४ तासांच्या होल्टरमधून (अंगावर लावून ठोके सलग नोंदवणाऱ्या यंत्रातून) ती निसटू शकते. डॉक्टरांना छातीवर चिकटवून ठोके नोंदवणाऱ्या १४ दिवसांच्या पॅचबद्दल विचारा.