दोन हार्ड डिस्कची घरघर आणि उन्हाळ्यात ५५ अंश: नवीन कॅबिनेट न घेता काय करता येईल?

अकोलेकर

घरचा डेस्कटॉप: आय५ चौथी पिढीचा प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. दोन हार्ड डिस्क, दोन्ही ३.५ इंची, ७२०० आरपीएम (मिनिटाला फेरे). १ टीबीवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर, २ टीबीवर फोटो, सिनेमे, कामाच्या फायली. कॅबिनेट जुनं, पातळ पत्र्याचं. मागे एक पंखा आहे, पुढे १२० मिमीची जागा आहे पण पंखा नाही. दोन्ही डिस्क एकाखाली एक, मधे बोट जाईल इतकीही फट नाही. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात असतं.

त्रास दोन. सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि तो दर काही सेकंदांनी चढतो-उतरतो. रात्री काहीच चालू नसलं तरी मधूनच कुरकुर सुरू होते. दुसरं तापमान: दुपारी खोली ३६-३७ अंशांवर गेली की क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) १ टीबी ५२ आणि २ टीबी ५५ दाखवते. साइड पॅनेल काढून ठेवलं तरी जेमतेम एक अंशाचा फरक पडतो, हे कसं काय?

डिस्क स्पंजमध्ये गुंडाळून ठेवली तर आवाज जाईल असं दुकानदार म्हणतो. करावं का?

ग्रॉमेट

स्पंज अजिबात नको. ७२०० आरपीएमची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ५ ते ७ वॅट घेते, हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) धावायला लागलं की आणखी दोन-तीन. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि तिला बाहेर पडायला दोनच वाटा असतात: बॉडीतून स्क्रूवाटे पत्र्यात, आणि बॉडीवरून वाहणाऱ्या हवेत. स्पंज दोन्ही बंद करतो. बहुतेक घरगुती डिस्कना कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ६० अंशांची असते, तुम्ही आत्ताच ५५ वर आहात. शिवाय साध्या डिस्कच्या बॉडीवर एक बारीक छिद्र असतं, शेजारी झाकू नका असं छापलेलं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. तेही बुजेल.

आता क्रमाने. कशालाही हात लावण्याआधी २ टीबीवरच्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे करून घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी (खराब झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांचे आकडे) बघा. उजवीकडचे मूळ आकडे ते षोडशमान पद्धतीत दाखवतं, फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन दशमान करून घ्या म्हणजे घोळ होणार नाही. या तिन्ही ओळींत शून्य हवं. सी५ मध्ये आकडा असेल आणि वाढत असेल, किंवा डिस्क खट्‌, खट्‌, खट्‌ असा एका लयीत आवाज करून मधेच गायब होत असेल, तर हा धागा बंद करा आणि डेटा वाचवायच्या मागे लागा. मरत्या डिस्कचा आवाज रबराने थांबत नाही.

घूंऽऽ बद्दल. ७२०० ला ६० ने भागा: सेकंदाला १२० फेरे, म्हणून १२० हर्ट्‌झची घरघर. दोन डिस्कचा वेग कागदावर सारखा असला तरी प्रत्यक्षात किंचित वेगळा असतो. सेकंदाला पाव फेऱ्याचा फरक असला तरी दर चार सेकंदांनी आवाज चढेल आणि उतरेल. खात्री करायची तर पीसी बंद करून २ टीबीची पॉवर केबल काढा आणि पुन्हा चालू करा. चढ-उतार थांबला तर हेच कारण. थांबला नाही तर मागचा पंखा किंवा एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) पंखा तपासायला हवा, उगाच डिस्कला दोष नको.

मुळात डिस्कचा स्वतःचा आवाज लहान असतो. तंबोऱ्याची तार भोपळ्याशिवाय घरभर ऐकू येत नाही, इथे भोपळ्याचं काम कॅबिनेटचा पत्रा करतो. चालू असताना साइड पॅनेलच्या मध्यावर तळहात दाबून बघा. घरघर कमी झाली तर पत्रा थरथरतोय. म्हणून उपाय आवाज कोंडण्याचा नाही, डिस्क आणि पत्र्याचा थेट संबंध तोडण्याचा. मात्र संबंध तोडला की स्क्रूवाटे जाणारी उष्णताही थांबते आणि डिस्क तीन-चार अंशांनी वर जाऊ शकते. त्यामुळे रबर आणि पुढचा पंखा ही दोन्ही कामं एकत्रच करायची. नुसतं रबर लावलंत तर आवाज जाईल आणि तापमानाची तक्रार वाढेल.

रबर कुठे? तुमच्या ३.५ इंची कप्प्यात दोन्ही बाजूंना जागाच उरत नाही. डीव्हीडी रायटरचे ५.२५ इंची कप्पे रिकामे असतील तर एक डिस्क तिकडे न्या. तो कप्पा सुमारे १४६ मिमी रुंद, डिस्क १०१.६ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना २२ मिमी मिळतात. त्या मापाच्या पट्ट्या रबर बुशसकट मिळतात, पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, नाहीतर ऑनलाइन. स्क्रू ३.५ इंची डिस्कचे जाड आट्यांचेच हवेत, एसएसडीचे (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) किंवा डीव्हीडीचे बारीक आट्यांचे जोर लावून पिळू नका. स्क्रू डिस्कच्या आत ३ ते ४ मिमीच गेला पाहिजे. आणि रबर चेपेपर्यंत आवळू नका, चेपलेलं रबर पत्र्यासारखंच वागतं. हाताने हलवल्यावर डिस्क एखादा मिलिमीटर डुलली पाहिजे.

केबल ताठ ओढून बांधल्या तरी थरथर त्यांच्यातून पत्र्यात जाते, थोडा झोल ठेवा. रबरामुळे डिस्कचं अर्थिंग तुटतं अशी शंका दरवेळी निघते. तुटत नाही, पॉवर केबलमध्ये ग्राउंडच्या तारा असतातच.

पुढचा पंखा १२० मिमी, ६०० ते ८०० आरपीएम पुरे. हवा आत येईल असा लावा: मोटर धरणारे आडवे दांडे असलेली बाजू म्हणजे हवा बाहेर पडणारी बाजू, ती डिस्ककडे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तीन पिनांचा पंखा घेतलात तर बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा, म्हणजे बोर्डावर पंखा जोडायच्या पिनांचा, कंट्रोल डीसी किंवा व्होल्टेजवर ठेवा, पीडब्ल्यूएमवर (चार पिनांच्या पंख्याची पद्धत) राहिला तर तो पूर्ण वेगानेच फिरेल. काही स्वस्त बोर्डांत हा पर्यायच नसतो, तिथे चार पिनांचा घ्या.

पॅनेल काढून फरक का पडत नाही? मागचा एकच पंखा आहे. पॅनेल उघडं असलं की तो शेजारून हवा ओढतो आणि मागे फेकतो, पुढच्या कोपऱ्यातल्या डिस्कपर्यंत वारा पोचतच नाही. पॅनेल लावा. टेबलाच्या कप्प्याला मागून प्लायवूड असेल तर ते काढा किंवा कॅबिनेट सरळ बाहेर जमिनीवर घ्या. बंद कप्प्यात मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून आत येते, तिथे पंखा कितीही चांगला लावला तरी उपयोग नाही.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण क्रम चुकलाय. आधी एसएसडी. विंडोज १० हार्ड डिस्कवर चालवणं हेच अर्ध्या कुरकुरीचं मूळ आहे. इंडेक्सिंग (शोधासाठी फायलींची यादी करणं), डिफेंडर अँटिव्हायरसचं स्कॅन, अपडेट, सिसमेन (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून चालणारी विंडोजची सेवा), या सगळ्यांना बारीकसारीक फायली लागतात आणि प्रत्येक फाइलसाठी हेड इकडून तिकडे धावतं. रात्रीची कुरकुर बहुधा ऑटोमॅटिक मेंटेनन्सची. त्याची ठरलेली वेळ रात्री २ ची असते, पण पीसी तेव्हा बंद असेल तर नंतर मोकळा दिसला की ते काम सुरू होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्समधून वेळ बदलता येते. नक्की कोण डिस्क वापरतंय ते रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये कळेल.

एच८१ बोर्डावर दोनच साटा पोर्ट (डिस्कची केबल जोडायच्या जागा) ६ गिगाबिटचे असतात, उरलेले ३ चे. एसएसडी ६ वाल्यावर लावा. एनव्हीएमई (बोर्डात थेट खोचायची वेगवान एसएसडी) घेऊ नका, या बोर्डांवर त्यावरून बूट करणं म्हणजे कटकट. २.५ इंची साटा, ५०० जीबी पुरेल. १ टीबीवर भरलेला डेटा ४०० जीबीच्या आत आणून मग क्लोन (हुबेहूब प्रत) करा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) जुन्याच डिस्कवर राहतो आणि ती फॉरमॅट केल्यावर पीसी चालू होत नाही. सगळं नीट चालतंय याची खात्री पटली की १ टीबीला कॅबिनेटबाहेर काढा. खोक्यात, बॅकअपसाठी. एक डिस्क गेली की चढ-उतारही गेला, ५-७ वॅट गेले, आणि उरलेल्या डिस्कच्या वरखाली मोकळी जागा झाली.

पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आणि ब्राउझर एसएसडीवरच राहू द्या. एसएसडी झिजेल म्हणून ते हार्ड डिस्कवर हलवायचा सल्ला अजून फिरतो, त्याने कुरकुर परत येते.

२ टीबीबद्दल एक शंका: ती एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी) आहे का ते मॉडेल क्रमांकावरून बघा. एसएमआर डिस्क लिहिलेला डेटा मोकळ्या वेळेत स्वतःच नीट लावून घेते, त्यामुळे मोठी कॉपी संपल्यावरही बराच वेळ कुरकुरत राहते. त्याला विंडोजमध्ये उपाय नाही आणि तो बिघाडही नाही.

अकोलेकर

दोघांचे आभार. ०५, सी५, सी६ दोन्ही डिस्कवर शून्य. १ टीबीवर सी७ मात्र १४ आहे. पॅनेल दाबल्यावर घरघर बरीच कमी होते. २ टीबीची केबल काढल्यावर चढ-उतार गेला.

एसएसडी घेतो. २ टीबी वरच्या कप्प्यात इलॅस्टिकवर टांगतात असं वाचलं, ते रबरापेक्षा बरं का? आणि पॉवर ऑप्शन्समध्ये डिस्क बंद व्हायची वेळ २० मिनिटं आहे, ती ५ केली तर उष्णताही कमी होईल ना?

जुनाट पीसी

सी७ हा केबलवर डेटा चुकीचा पोचल्याचा आकडा आहे. डिस्क ठीक असते, साटा डेटा केबल सैल किंवा खराब असते. बदला. आकडा शून्यावर परत जात नाही, वाढायचा थांबला की झालं.

इलॅस्टिकवर टांगणं हा आवाजावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे, ग्रॉमेट यांनी तो का टाळला कळत नाही. शिवणकामाच्या दुकानात ४-५ मिमी जाडीचं गोल इलॅस्टिक मिळतं. ५.२५ च्या कप्प्याच्या दोन भिंतींमध्ये पुढे एक आणि मागे एक वेढा घ्यायचा, प्रत्येक वेढ्याचे दोन पदर, आणि डिस्क त्या पदरांमध्ये सरकवायची. ताण एवढाच की सातशे ग्रॅमला झोळ पडू नये आणि डिस्क कुठेही पत्र्याला टेकू नये. सर्किट बोर्डाची बाजू खाली, आणि पदर चिपवरून जाऊ द्यायचा नाही, तिथेच ऊब जास्त असते. पत्र्याच्या भोकाच्या कडा कानसीने घासून घ्या, नाहीतर त्या इलॅस्टिक कापतात.

ग्रॉमेट

टाळलं ते अकोल्याच्या उन्हाळ्यामुळे. पन्नास अंशांच्या आसपास शिवणाचं इलॅस्टिक महिन्याकाठी सैल होत जातं, आणि फिरती डिस्क पडली तर हेड प्लॅटरवर (आतल्या फिरत्या तबकडीवर) आपटतं. कॅबिनेट हलवताना तर टांगलेली डिस्क आधी काढावीच लागते, हे घरात बाकी कुणाला माहीत नसतं. टांगायचीच असेल तर खाली सेंटिमीटरभर अंतरावर फोमचा तुकडा ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ताण तपासा. शिवाय बहुतेक कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्याचा वारा ५.२५ च्या वरच्या कप्प्यांपर्यंत जात नाही. आता एकच डिस्क उरणार आहे, तर ती खालच्याच कप्प्यात पंख्यासमोर राहू द्या, आणि रबर वॉशर स्क्रूच्या डोक्याखाली तरी बसतात का बघा. डिस्क दोन्हीकडून पत्र्याला टेकतच असेल तर साइड पॅनेललाच आतून गाडीत लावतात ते डॅम्पिंग शीट चिकटवा. सगळं पॅनेल मढवायची गरज नाही, मध्यभागी पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. कॅबिनेटखाली चार रबरी पाय लावा. टांगल्याइतकी शांतता मिळणार नाही, पण डिस्क पडणार नाही.

५ मिनिटं करू नका. डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, म्हणजे नेहमीच्या तिप्पट-चौपट, आणि तेव्हा पाच-दहा सेकंद फाइल एक्सप्लोरर अडकून बसतो. दर दहा मिनिटांनी बंद-चालू होणारी डिस्क सतत फिरणाऱ्या डिस्कपेक्षा जास्त त्रास सोसते. विंडोज एसएसडीवर गेल्यावर ३० मिनिटं ठेवा, २ टीबीचं इंडेक्सिंग बंद करा, मग ती दिवसाचा बराच वेळ आपोआप थांबलेली असेल. विंडोज डिस्कवर असेपर्यंत मात्र हा आकडा कितीही ठेवा, विंडोजवाली डिस्क थांबणारच नाही.

जुनाट पीसी

खालच्या कप्प्याचं पटलं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एएएमचा (डिस्कचा आवाज कमी करायच्या सोयीचा) पर्याय दिसला तर १२८ वर करून बघा, हेड हळू धावतं आणि कुरकुर मऊ होते. नव्या डिस्कवर तो बहुधा करडाच दिसेल, कंपन्यांनी ती सोय काढून टाकली आहे. उद्या ८-१० टीबीची हीलियमवाली (आत हवेऐवजी हीलियम भरलेली) डिस्क घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा: त्यांतल्या काही दर पाच सेकंदांनी टक्‌ करतात, मोकळ्या असतानाही. ती त्यांची ठरलेली हालचाल आहे, बिघाड नव्हे. पण झोपायच्या खोलीत नको.

ग्रॉमेट

मोजण्याबद्दल राहिलं. ५५ हा आकडा एकटा बघू नका. खोली ३७ असेल तर डिस्क ३७ च्या खाली येऊच शकत नाही, म्हणून डिस्क वजा खोली हा फरक लिहून ठेवा. आत्ता तो १८ आहे. पुढे पंखा, एकच डिस्क आणि मोकळं टेबल झालं की १० च्या आसपास यायला हवा, म्हणजे त्याच दुपारी ४७. गूगलने २००७ साली आपल्या डेटा सेंटरमधल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मधल्या तापमानाला फारसा फरक दिसला नव्हता, त्रास वरच्या टोकाला आणि तोही मुख्यतः जुन्या डिस्कना होता. तेव्हा ४७ ला घाबरू नका, ५० च्या वर रोज तासन्‌तास राहू देऊ नका.

मोजताना दोन्ही वेळा सारखंच काम द्या: ५० जीबीची कॉपी लावा आणि अर्ध्या तासाने वाचा. आणि वॉटर कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका. तापमान उतरेल हे खरं, पण ओल आणि खसची धूळ पंख्यावाटे आत जाऊन चिकटते, आणि कूलर लावता ते चार महिने फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागेल.