"काही नाही, घरीच असते" याची नोंद कशी करायची?

मेघा_वाई: गावात वेळवापर पाहणी (दिवसभरात कोणाचा वेळ कशात जातो याची नोंद) करायची आहे. बायकांना "काल काय काम केलंत?" विचारलं की "काही नाही, घरीच असते" एवढंच उत्तर येतं. आणि पोराला काखेत घेऊन भाकऱ्या थापल्या, तर नोंद स्वयंपाकाची करायची की मूल सांभाळण्याची?

शेतबांध: प्रश्नातून "काम" हा शब्दच काढा. "उठलात कधी? मग काय केलंत? त्यानंतर?" असं विचारत जा. सरकारच्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीसारखी पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ अशी अर्ध्या-अर्ध्या तासांची पट्टी आखा. वेळ आठवत नसेल तर नळाचं पाणी, दूधसंकलन, शाळेची घंटा या खुणा धरा.

एका अर्ध्या तासात दोन-तीन कामं असतील तर सगळी लिहा आणि मुख्य कुठलं ते तिलाच ठरवू द्या. एकच रकाना ठेवलात तर भाकरी राहते आणि मूल गळतं. मूल झोपलंय, आई शेजारी गोधडी शिवतेय, अशा वेळेसाठी वेगळा रकाना हवाच: "तेव्हा घर सोडून जाता आलं असतं का?" सांभाळण्याचं खरं ओझं इथेच कळतं. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मात्र विचारू नका, उत्तरं आखडतात.

गणिती_काकू: मेघाताई, म्हशीकडे नीट बघा. डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर, पण धार, वैरण, शेण तिच्याकडे. हे घरकाम नव्हे, घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम आहे. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस, म्हणजे कोण काम करतं, कोण शोधतं याची पाहणी) त्याचा संकेतांक २१. तिथे ९२ (फक्त घरकाम) पडला की ती श्रमबलाबाहेर गेली, म्हणजे काम करणाऱ्यांत नाही आणि काम शोधणाऱ्यांतही नाही. घरकाम हेच तिचं मुख्य काम ठरलं, तरी वर्षातले ३० दिवस असं काम केलं असेल तर दुय्यम काम म्हणून नोंद होते. तो प्रश्न गाळू नका.

सरासरी: निष्कर्ष लिहिताना एक चूक हमखास होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत बिनपगारी घरकामाला बायकांची रोजची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची, आणि पुरुषांपैकी असे २६ टक्केच. सगळ्यांची धरली तर २४३ आणि २५. म्हणजे तिपटीची दरी जवळपास दसपट होते. दोन्ही आकडे द्या, आणि कुठला कशाचा ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहा. वयाची अट तिथे ६ वर्षांपासून आहे, तीच ठेवा. धाकट्याला सांभाळणारी नऊ वर्षांची बहीण एरवी तक्त्यात येतच नाही.