एका माणसाचं गाव: मोनोवाय रिकामं कसं झालं?

लालबागचा_चाकरमानी
मंडळी, एक विचारायचंय. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मोनोवाय म्हणून गाव आहे, २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १. एल्सी आयलर नावाच्या आजी, नवरा २००४ ला गेला तेव्हापासून एकट्याच. महापौर त्याच, क्लार्क त्याच, खजिनदार त्याच, गावातला एकमेव बार पण त्याच चालवायच्या. हे वाचल्यापासून दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, कारण आमची राजापूरकडची वाडी, लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा बावीस घरं होती आणि संध्याकाळी सगळ्या घरांतून चुलीचा धूर निघायचा, आता फक्त काकी आणि वरच्या घरातले दोघं म्हातारे, बाकी दारांना कुलपं आणि कुलपांना गंज. तिकडे तर मोठमोठी शेतं, मग ते गाव एवढं रिकामं का झालं? आणि एकच माणूस असताना त्याला गाव कसं म्हणतात?

माजी_ओमाहाकर
मी काही वर्षं नेब्रास्कात होतो म्हणून लिहितोय. ती सगळी माळरानं, झाड नाही काही नाही, गाडीतून आधी लांबून धान्याचं उंच कोठार दिसतं, मग पाण्याची टाकी, मग चार घरं, की संपलं गाव. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून कसायची. लोक धावले. मोनोवाय वसलं १९०२ ला, रेल्वे तिथपर्यंत आली म्हणून. तेव्हा शेतकरी घोडागाडीतून धान्य आणायचा आणि त्याच दिवशी घरी परतायला पाहिजे, त्यामुळे रुळांच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर अशी गावं बसवली. १९३० ला मोनोवायला १२३ माणसं होती.

मग उलटं सुरू झालं. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळं, पुढे ट्रॅक्टर आला, दहा जणांचं काम एक जण करायला लागला, १६० एकरात भागेना म्हणून एकाने शेजाऱ्याचं शेत विकत घ्यायचं आणि शेजाऱ्याने शहर गाठायचं. म्हणजे शेती चालूच राहिली, माणसं तेवढी गेली. आधी पोस्ट आणि किराणा दुकानं बंद झाली, १९७४ ला शाळा. आणि माझं स्पष्ट मत आहे, शाळा गेली की पोरंबाळं असलेलं एकही घर मागे थांबत नाही. १९८० ला १८ उरले, १९९० ला ६, २००० ला ते नवरा-बायको दोघंच.

आता गाव कसं म्हणतात ते. एकदा रीतसर नोंद झाली की माणसं कमी झाली म्हणून ती आपोआप रद्द होत नाही. पण कागद कोणीतरी भरावे लागतात. आजी स्वतःच स्वतःवर कर लावायच्या, स्वतःच भरायच्या, त्यातून गावातले चार रस्त्यावरचे दिवे चालू राहायचे. नवऱ्याची जवळपास ५००० पुस्तकं होती, त्याच्या माघारी त्यांची लायब्ररी केली, तीही त्याच सांभाळायच्या.

बाई_महापालिका_शाळा
२०११ ला माझी जनगणनेची ड्युटी होती म्हणून थोडं सांगते. आपल्याकडे एकही माणूस नसलं तरी गाव यादीतून जात नाही, शून्य लोकसंख्या लिहून नाव तसंच राहतं. महसूलच्या भाषेत त्याला बेचिराग गाव म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महाराष्ट्रात अशी दोन हजारांवर आहेत.

आणि तुमच्या वाडीचं म्हणाल तर २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गची पण घटली. आणि मुंबई शहर जिल्ह्याची सुद्धा! माझ्या वाट्याला चाळी आल्या होत्या, तिथेही कुलूपबंद खोल्या मी हाताने लिहिल्यात, शेजारची बाई सांगायची की विरारला गेले, डोंबिवलीला गेले.

एक करा, ग्रामपंचायतीत नमुना ८ ची जुनी वही बघायला मागा. घरपट्टीची नोंद असते, कुठलं घर कोणाच्या नावावर होतं ते कळतं. वाडीची वेगळी लोकसंख्या जनगणनेत मिळणं कठीण, त्यात पूर्ण गाव धरतात.

गोरेगावकर
२०२० ला मोनोवायची लोकसंख्या २ छापून आली होती, आजी एकट्या असताना. तिकडे लोकांची खासगी माहिती कळू नये म्हणून लहान आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतात, त्यामुळे एवढ्या छोट्या गावाचा आकडा असा हलतो.

लालबागचा_चाकरमानी
बाई, बेचिराग शब्द ऐकला होता पण त्यात चिराग आहे हे आज लक्षात आलं, आणि ओमाहाकरांनी त्या चार दिव्यांचं लिहिलंय ते परत जाऊन वाचलं. आमच्या वाडीत पायवाटेच्या वळणावर एक खांब आहे, बल्ब गेला की काकीच पंचायतीत निरोप धाडते.

काल तिला फोन केला, म्हटलं काकी कुठलं घर कोणाचं आणि कोण कधी गेलं ते सांग, मी लिहून घेतो. पाणंदीच्या टोकापासून सुरू झाली, वर्षं आठवत नाहीत पण कोणाच्या लग्नानंतर, कुठल्या गणपतीनंतर, असं एकेक बरोबर सांगत होती. सातव्या घरापर्यंत आलो आणि रेंज गेली. उरलेली पंधरा मे मध्ये तिच्यासोबत फिरून लिहितो, आणि नमुना ८ पण बघतो.