कॅरल पबमधलं खरं की चॅपलमधलं?

शेफील्डचा_पाहुणा:
थोडं भांडण उकरून काढतोय, आधीच माफी. सहा वर्षं झाली शेफील्डला येऊन. इथे शहराच्या कडेच्या गावांमधे नोव्हेंबरच्या मध्यापासून ते २६ डिसेंबरपर्यंत रविवारी दुपारी पबात कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात. स्टेज नाही, माइक नाही, कोपऱ्यात एक ऑर्गन आणि बाकी सगळी खोली गाते. ओल्या कोटांचा वास, काचांवर वाफ, माझ्या शेजारचे आजोबा हातात कागद नसताना डोळे मिटून खालचा सूर लावतात तेव्हा टेबलावरचे ग्लास थरथरतात, खरंच थरथरतात, हात लावून बघितलंय. पूर्वी हीच गाणी चर्चच्या माडीवर गावातलीच माणसं फिडल वगैरे घेऊन म्हणायची, १९व्या शतकात नव्या विचारांच्या पाद्र्यांना ती फार धांगडधिंगा वाटायला लागली, ऑर्गन आला, शिस्तीतला क्वायर (तयार केलेला गायकांचा संच) आला, आणि ही मंडळी आपली गाणी घेऊन पबात जाऊन बसली. मेंढपाळ रात्री राखण करतायत ते जुनं गाणं एकाच बैठकीत दोन-तीन वेगवेगळ्या चालींत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.
माझं म्हणणं एवढंच, की केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधला २४ डिसेंबरचा कॅरल्सचा कार्यक्रम रेडिओवर आला आणि लोक गाणारे होते ते ऐकणारे झाले. म्युझियम आहे ते. सुंदर आहे, पण म्युझियम.

मंद्रसप्तक:
म्युझियम?? अरे काय बोलतोयस. १९१८ साली महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हा सुरू झालंय ते. ज्यांनी सुरू केलं ते मिल्नर-व्हाइट सैन्यात पाद्री होते, लोकांना नेहमीची प्रार्थना पुरणार नाही हे त्यांना दिसलं. मूळ आराखडा त्यांचा नाहीच, १८८०मधे इंग्लंडातल्याच ट्रुरोला कॅथीड्रल (बिशपचं मोठं चर्च) बांधून व्हायचं होतं म्हणून लाकडी शेडमधे केलेला कार्यक्रम तो. शेडमधला! आणि रेडिओवर आलं १९२८मधे.
दुसरं, तिथे लोक नुसते ऐकत नाहीत, काही कॅरल्सना सगळे उभे राहून गातात. सुरुवातीला एकटा मुलगा पहिलं कडवं गातो, कुठल्या मुलाने गायचं हे अगदी त्या क्षणी ठरतं, म्हणजे भीती वाटायला वेळच मिळू नये. त्या शांततेची तुझ्या ग्लासांशी तुलना करू नकोस प्लीज. आणि १९८३पासून दरवर्षी एक नवीन कॅरल मुद्दाम लिहून घेतात. न बदलणारं काय असेल तर ते तुझा पब.

शेफील्डचा_पाहुणा:
नवीन कॅरलचा मुद्दा घेतला. पण वर्षाला एक गाणं क्वायरसाठी बनवून घेणं आणि गावाच्या तोंडी शंभर-दीडशे वर्षं गाणं टिकणं यात फरक आहे की नाही? तू भजनी मंडळात बसलायस का कधी, तिथे कुणी तिकीट काढून येत नाही.

मंद्रसप्तक:
बसलोय, म्हणूनच सांगतो. आमच्या मंडळात पखवाजवाला रोज दोन तास हात घासायचा. रियाज केला की लोकांचं राहत नाही हे कुणी सांगितलं तुला? आणि पबात सगळे समान असतात हेही खोटं, पहिल्यांदा गेलास तेव्हा कुणी बसू दिलं का?

शेफील्डचा_पाहुणा:
😅 नाही. एका रिकाम्या खुर्चीत बसलो तर अख्ख्या खोलीने गाणं न थांबवता माझ्याकडे पाहिलं. ती खुर्ची चाळीस वर्षं एकाच माणसाची होती.

खवचट_काका:
दोघंही उगाच सोवळं पाळताय. इंग्लंडात दारोदार गाणं म्हणजे मुळात आपलं शिमग्याचं पोस्त हो! दारात उभं राहायचं, गायचं, खायला-प्यायला मागायचं, दिल्याशिवाय हलणार नाही असं सरळ गाण्यातच म्हणायचं. १६४७मधे प्युरिटनांच्या (धर्मात कडक साधेपणा मागणाऱ्या ख्रिश्चनांच्या) पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली त्यात असल्या दंग्याचाही राग होता. आणि पवित्र चाली म्हणाल तर देवदूत गातात ते जे प्रसिद्ध कॅरल आहे त्याचे शब्द चार्ल्स वेस्ली या धर्मगीतं लिहिणाऱ्याचे, १७३९चे, तेही नंतर दुसऱ्याने बदललेले, आणि चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सनने १८४०मधे छापखान्याच्या उत्सवासाठी केलेली! धार्मिक शब्दांना ही चाल चालणार नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. तो गेल्यावर कुणीतरी दोन्ही जोडलं. खरं-खोटं काय शोधताय यात.

आगाशीची_पोर:
पब नाही चॅपल नाही, आमच्याकडे अजून दारोदारच 🙂 वसईत लहानपणी डिसेंबरात आम्ही गिटार, एक ढोलकी आणि मुखवटा लावलेला सांता घेऊन आळीतून घरोघर जायचो, कुत्री मागे लागायची, सांता नेहमी माझा मामा कारण पोट त्याचं होतं. आता टेम्पोवर स्पीकर आणि मागे रेकॉर्डेड ट्रॅक, पोरं ओठ हलवतात. नव्या बिल्डिंगमधे तर वॉचमनच सोडत नाही, मेसेज टाकून आधी परवानगी काढा म्हणतो. म्हणून मला पाहुण्याचं पटतं, स्वतः गाणं महत्त्वाचं, बेसूर का असेना.

नगरी_मिसळ:
पण गाता काय? इंग्रजी चालींवर मराठी शब्द कोंबलेले असतात त्याचं काय, जिथे चालीचा जोर तिथे नेमका 'च' नाहीतर 'ला' येतो, तोंडात खडा आल्यासारखं होतं. ना. वा. टिळकांनी हेच ओळखलं. १८९५ला ख्रिस्ती झाले आणि पुढे ओवी-अभंगाच्या वळणाची इतकी गीतं लिहिली की आमच्या आजीला ती पेटीवर म्हणताना परक्या धर्मातलं काही म्हणतोय असं कधी वाटलंच नाही. कॅरल करायचं तर टाळ-पेटीवर करा की.

आगाशीची_पोर:
टिळक मान्य, शंभर टक्के. पण सायलेंट नाईट मराठीत गाताना आई रडते, तिला लघु-गुरूचं काही पडलेलं नाही. आणि तेही मूळ जर्मनच ना, १८१८ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या छोट्या चर्चमधे गिटारवर गायलेलं. इंग्रजांनी भाषांतर केलं तर चालतं आणि आम्ही केलं की खडा?

नगरी_मिसळ:
आईपुढे गप्प. बाकीच्या वीस गाण्यांबद्दल बोल.

खवचट_काका:
तिसरी आघाडी उघडली. चालू द्या.

शेफील्डचा_पाहुणा:
@मंद्रसप्तक तू लीड्सलाच आहेस ना? तासाभराचा रस्ता. या रविवारी ये, एकदा ऐक, मग भांड. लवकर ये पण, उशीर झाला तर दारातच उभं राहायला लागेल.

मंद्रसप्तक:
येतो. कुठल्या खुर्चीत बसायचं नाही ते आधी सांगून ठेव.